‘काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’
किशोरवयीन मुलामुलींना जबाबदारीचे शिक्षण देताना

घरात काच फुटली, तर आपण काय म्हणतो? ‘काच फुटली.’ दूध उतू गेले, डबा शाळेत राहिला, पेपर अवघड गेला, निघायला उशीर झाला, मोबाइल हातातून पडला. आपल्या मायबोलीची ही मोठी सोय आहे. जे घडले ते सांगून होते आणि ते कोणी केले हे सांगावे लागत नाही. वाक्यात क्रियापद असते, पण कर्ता कोठेच सापडत नाही. मुले ही सोय आपल्याकडूनच उचलतात. ‘रागाच्या भरात तोंडातून शब्द निघून गेला’, ‘तुझे काम करायचे राहून गेले’ अशी वाक्ये त्यांनी प्रथम आपल्याच तोंडून ऐकलेली असतात.

किशोरवयीन मुलामुलींना वैयक्तिक जबाबदारी शिकवणे म्हणजे नेमके काय, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. आमच्या मते त्याचे उत्तर सोपे आहे, आचरण मात्र कठीण आहे. मुलाला त्या वाक्यात ‘मी’ हा कर्ता आणायला शिकवणे आणि जे बिघडले ते आपल्या हातांनी दुरुस्त करायला शिकवणे, म्हणजेच त्याला जबाबदारी शिकवणे होय. हे शिक्षण देण्याची एक जुनी, पारखलेली वाट ख्रिस्तसभेने आपल्या हाती दिली आहे. ती वाट म्हणजे प्रायश्चित्त संस्कार. या लेखात त्या वाटेनेच आपण जाणार आहोत.

देव प्रश्न विचारतो

‘जबाबदारी’ या शब्दात ‘जबाब’ दडलेला आहे. ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत शब्दातही ‘उत्तर’ आहे. म्हणजे जबाबदार माणूस तो, जो विचारल्यावर उत्तर देतो. आपण मात्र जबाबदारीला ओझे समजतो. ती ‘अंगावर पडते’, ‘गळ्यात येते’, मग ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याची आपली धडपड सुरू होते.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर ही धडपड दिसते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम झाडांआड लपतो. देव त्याला हाक मारून तो कोठे आहे असे विचारतो. आदाम पत्नीकडे बोट दाखवतो आणि तिला देवानेच दिले होते याचीही आठवण करून देतो. हव्वा सर्पाकडे बोट दाखवते. पुढच्याच अध्यायात काइनाला त्याच्या भावाविषयी विचारणा होते, तेव्हा तो उलट प्रश्न करून हात झटकतो.

सर्वज्ञ देवाला आदाम कोठे आहे हे ठाऊक नव्हते काय? निश्चितच ठाऊक होते. तरीही तो विचारतो, कारण त्याला माहिती नको आहे, उत्तर हवे आहे. उत्तर देण्याची संधी देऊन तो माणसाला पुन्हा आपल्यासमोर उभे करू पाहतो. पालकांसाठी पहिला धडा येथेच आहे. ‘कोणी केले हे? बोल!’ अशा गर्जनेपुढे मूल बहुधा झाडाआडच लपते. ‘काय झाले ते तू स्वतः मला सांग, मी ऐकून घेतो,’ या शब्दांत मात्र उत्तराला जागा असते. प्रश्न कठोर असला तरी चालेल, पण तो उत्तर देता येईल असा असावा.

वयाच्या पायऱ्या

आपण मुलांवर एकतर काहीच सोपवत नाही, किंवा दहावी होताच ‘आता तू मोठा झालास’ म्हणून सारे एकदम सोपवतो. ख्रिस्तसभेची रीत वेगळी आहे. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेत ती पायरीपायरीने जाते. सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बरेवाईट कळू लागले, असे ती मानते (नियम ९७). चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर मांसवर्जनाचा नियम त्याला लागू होतो, तर उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो (नियम १२५२). बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता वा धर्मपिता होण्यासाठी सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात (नियम ८७४).

या क्रमात मोठे शहाणपण आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ख्रिस्तसभा सांगते की, शुक्रवारी ताटात काय घ्यायचे नाही हे आता तुझे तू लक्षात ठेवायचे आहेस. सोळा वर्षांच्या मुलीला ती दुसऱ्याच्या श्रद्धेची जामीन होऊ देते. विशेष म्हणजे, ज्यांना वयामुळे हा नियम अजून लागू नाही, त्या मुलांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजावून द्यावा, असे तीच संहिता धर्मगुरूंना व पालकांना बजावते. म्हणजे आधी शिकवण आणि मग जबाबदारी.

घरातही असा क्रम लावता येईल. तेराव्या वर्षी मुलाने स्वतःचे गणवेश, दप्तर आणि सकाळचे उठणे सांभाळावे. हाक मारून मारून उठवणारी आई त्याच्या उठण्याची जबाबदारी स्वतःकडे घेत असते. पंधराव्या वर्षी ठरावीक खर्चाचे पैसे आणि त्यांचा हिशेब त्याच्याकडे असावा. महिनाअखेरीस पैसे संपले तर ते संपले असे त्याला अनुभवू द्यावे. सतराव्या वर्षी महाविद्यालयाचा अर्ज त्याने स्वतः भरावा, पालकांनी तो केवळ तपासावा. घराची वाडी असेल तर पाणी घालण्याचे दोन दिवस त्याच्या नावावर असावेत. एखादे रोप सुकले, तर ते कोणामुळे सुकले हे सांगायला कोणाची गरज पडत नाही.

संस्काराची पाच पावले

आता मूळ वाटेकडे वळू. प्रथम पापनिवेदनाच्या तयारीच्या वेळी आपण सर्व जण पाच गोष्टी शिकलो: विवेकपरीक्षण, पश्चात्ताप, सुधारण्याचा निश्चय, पापनिवेदन आणि सांगितलेले प्रायश्चित्त पूर्ण करणे. ही पाच पावले घरातील प्रसंगात कशी टाकता येतील, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी दोन हजार रुपये दिले. त्याने ते मोबाइलवरील खेळात घालवले. आठवड्याने शिकवणीतून विचारणा झाली, तेव्हा ‘मी दिलेत, सरांनी पावती दिली नाही’ असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी सत्य उघड झाले.

पहिले पाऊल विवेकपरीक्षण. अशा वेळी पालक स्वतःच सारा हिशेब मांडून मोकळे होतात. त्याऐवजी मुलाला अर्धा तास एकटे बसू द्यावे आणि काय काय घडले ते क्रमाने कागदावर लिहायला सांगावे. लिहिताना त्याला दिसेल की चूक एक नव्हती. पैसे घेतले ही पहिली, खोटे बोलला ही दुसरी आणि निरपराध शिक्षकावर आळ घेतला ही तिसरी. बहुतेक घरांत पहिल्या चुकीवरच भांडण होते आणि सर्वांत जड असलेली तिसरी चूक विसरली जाते.

दुसरे पाऊल पश्चात्ताप. पकडले गेल्याचे दुःख आणि दुसऱ्याला दुखावल्याचे दुःख ही दोन वेगळी दुःखे आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात कौटुंबिक शिक्षणावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्यास आणि आपल्यामुळे झालेली इजा ओळखण्यास मुलांना मदत करावी, असे ते त्यात सुचवतात. आपल्या उदाहरणात ‘सरांना तुझ्या बोलण्याने काय वाटले असेल?’ हा एक प्रश्न दहा फटक्यांपेक्षा अधिक काम करतो.

तिसरे पाऊल निश्चय. ‘पुन्हा असे करणार नाही’ हे वाक्य मुलांच्या जिभेवर तयारच असते. निश्चय खरा असेल तर तो ठोस असतो. खेळ मोबाइलवरून काढून टाकायचा का? पैसे हाती आल्याच दिवशी भरायचे का? पापाला निमित्त होणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच.

चौथे पाऊल निवेदन. येथे ‘मी’ हवा. ‘पैसे खर्च झाले’ असे नव्हे, तर ‘मी पैसे खर्च केले आणि सरांविषयी खोटे बोललो’ असे. हे वाक्य मुलाने स्वतः उच्चारावे, तेही ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासमोर. बापाने शिक्षकांना फोन करून ‘लहान आहे, सोडून द्या’ म्हणणे म्हणजे मुलाचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेणे. त्याच्यासोबत जावे, दाराशी उभे राहावे, पण बोलू त्याला द्यावे.

पाचवे पाऊल भरपाई. याकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. कॅथोलिक धर्मशिकवण या विषयात स्पष्ट आहे. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापामुळे झालेली सारी हानी आपोआप भरून निघत नाही. चोरलेली वस्तू परत करणे, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरणे हे शक्य तितके करावेच लागते (परिच्छेद १४५९). म्हणून दोन हजार रुपये मुलाने स्वतःच्या पैशांतून वा श्रमातून फेडावेत, सहा महिने लागले तरी चालतील. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाचे स्मरण करावे. फसवलेल्यांना चौपट परत करण्याचा आकडा त्याच्यावर येशूने लादला नव्हता, तो त्याने स्वतः ठरवला. मुलालाच विचारावे, ‘हे कसे भरून काढशील?’ त्याने ठरवलेली भरपाई अनेकदा आपण दिली असती त्या शिक्षेपेक्षा मोठी असते.

या पाचही पावलांत मारणे, शेजाऱ्यांसमोर अपमान करणे किंवा आठ-आठ दिवस अबोला धरणे कोठेच नाही. शिक्षा भोगून झाली की मुलाला हिशेब मिटल्यासारखे वाटते, पण शिक्षकांवरचा आळ मात्र तसाच राहतो.

सोळा वर्षांचा चोर

‘मी एकटा नव्हतो, सगळ्यांनीच केले’ हे किशोरांचे आवडते उत्तर आहे. त्याला सर्वांत सुंदर प्रत्युत्तर एका संताने दिले आहे. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना मित्रांसोबत रात्री एका झाडावरची नासपती चोरायला गेला. त्यांना भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळे होती. थोडी चाखून बाकीची त्यांनी डुकरांपुढे टाकली. आपल्या गावांतही दुसऱ्याच्या वाडीतले पेरू आणि चिकू असेच जातात आणि आपण हसून सोडून देतो.

ऑगस्टीनने ते सोडून दिले नाही. चाळिशी ओलांडल्यावर, बिशप असताना, त्याने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात या चोरीचा बारकाईने शोध घेतला. एकटा असतो तर मी हे केले नसते, हे तो मान्य करतो. संगतीचा जोर त्याने ओळखला, पण संगतीच्या आड तो लपला नाही. चोरी करण्यातच त्याला आनंद वाटला, हे त्याने स्वतःच्या नावावर लिहून ठेवले. मित्रांनी ओढले हे सत्य असू शकते, तरीही पाय माझेच होते, हे समजणे म्हणजे मोठे होणे.

पांघरूण

मराठीत चूक लपवण्याला ‘पांघरूण घालणे’ म्हणतात. थंडीत मुलाच्या अंगावर पांघरूण घालणारा हातच बहुधा त्याच्या चुकीवरही पांघरूण घालतो. दोन्ही ठिकाणी माया असते. पण दुसऱ्या पांघरुणाखाली मूल गुदमरते आणि कधीकधी दुसऱ्याच घरातील मुलांचा जीव जातो.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील एक तरुण आणि एक तरुणी अशा दोन अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि त्याच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. राज्यभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होऊन त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. पण त्या बातमीने प्रत्येक पालकापुढे एक प्रश्न ठेवला: असा प्रसंग माझ्या घरी आला, तर मी मुलाचा हात धरून त्याला सत्यापुढे उभे करीन, की सत्यच पुसू पाहीन?

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री ठरत नसते. ते ठरते, वय होण्याआधी मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली देतो तेव्हा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘चर्चपर्यंतच तर जातो’ असे म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हे वाचावे. कायदा मोडून मुलाला वाहन देणारा पालक त्याला वाहन चालवण्याबरोबरच आणखी एक गोष्ट शिकवतो: नियम इतरांसाठी असतात.

उधळ्या पुत्राचा पिता पांघरूण घालत नाही. मुलगा दूरदेशी उपाशी असताना तो त्याच्यामागे पैसे पाठवत नाही. मुलगा डुकरांमध्ये बसून भानावर येतो आणि घरी काय बोलायचे ते मनाशी जुळवतो. त्या बोलण्यात दुष्काळाला दोष नाही, मित्रांना दोष नाही, वडिलांनाही नाही, त्यात आपण पाप केले एवढेच आहे. आणि तो दुरून दिसताच तोच पिता धावत सुटतो. धावण्यापूर्वी वाट पाहण्याचे बळ त्या पित्यात होते. आपल्याला बहुधा दोहोंपैकी एकच जमते.

जे त्यांचे नाही, ते त्यांच्यावर नको

जबाबदारी शिकवताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अज्ञान, भीती, जबरदस्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते किंवा नाहीशीही होते, अशी धर्मशिकवण आहे (परिच्छेद १७३५). अभ्यास करणे मुलाची जबाबदारी आहे, अमुकच टक्के गुण मिळवणे नव्हे. आईवडिलांतील भांडणे त्याच्यामुळे होत नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगावे, कारण अनेक मुले मनात तसे धरून बसतात. आणि एखाद्या मोठ्या माणसाने मुलाचे वा मुलीचे शोषण केले असेल, मग तो नातेवाईक, शिक्षक वा चर्चमधील कोणी का असेना, तर त्यात मुलाचा तिळमात्र दोष नाही. तेथे ‘तू तिकडे गेलासच का?’ हा प्रश्न विचारणे पाप आहे. तेथे मुलावर विश्वास ठेवणे आणि पोलिसांकडे जाणे ही जबाबदारी आपली असते.

पेत्र आणि यहूदा या दोघांनीही प्रभूचा विश्वासघात केला आणि दोघांनाही दुःख झाले. पेत्र रडला आणि परत आला. यहूदा दुःखासह एकटाच निघून गेला. आपल्या मुलाला चूक कळावी, पण परतीचे दार कधीही बंद होत नाही हे त्याआधी कळलेले असावे. मूल खाणेपिणे सोडून गप्प राहू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर उपदेश थांबवावा, त्याच्याजवळ बसावे आणि समुपदेशकाची वा डॉक्टरांची मदत घ्यावी.

आपल्या तोंडचा ‘मी’

पालक हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणेत म्हटले. शिक्षकाने स्वतः धडा वाचलेला असावा लागतो. रागाच्या भरात मुलाला नको ते बोललेला बाप जेवणाच्या ताटावर ‘मी चुकलो, मी तसे बोलायला नको होते’ म्हणतो, तेव्हा त्याचा मान कमी होत नाही. मुलाला त्या क्षणी कळते की हे वाक्य उच्चारून माणूस मरत नाही, उलट ताठ उभा राहतो. जे आईवडील स्वतः पापनिवेदनाला जातात, त्यांना मुलांना ‘जा’ म्हणून ढकलावे लागत नाही.

दर रविवारी मिस्साच्या प्रारंभी आपण सर्व एकत्र उभे राहून पापांची कबुली देतो. शेकडो माणसे एका सुरात बोलत असतात. बाकीच्या बहुतेक प्रार्थना ‘आम्ही’ म्हणून होतात, या प्रार्थनेत मात्र प्रत्येक जण ‘मी’ म्हणतो. आणि अपराधाचे शब्द उच्चारताना प्रत्येक जण आपलीच छाती बडवतो, शेजाऱ्याची कोणी बडवत नाही. येत्या रविवारी तो क्षण आला की शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे, मुलीकडे क्षणभर पाहावे. ती आपला आवाज ऐकत असतात.

मग पुढे कधी घरात काच फुटली आणि आतल्या खोलीतून चाचरत आवाज आला, ‘आई, मी काच फोडली,’ तर काचेचा विचार नंतर करावा. आधी त्या ‘मी’साठी देवाचे आभार मानावेत. आणि मग त्याच्याच हाती केरसुणी द्यावी.